गणित की संख्याशास्त्र: मेजर ठरवण्याआधी

पहिल्या सेमिस्टरला दोन्हींत फारसा फरक जाणवत नाही. कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्स दोघांनाही लागतात. फाटा फुटतो तो पुढे: गणितवाले रिअल ॲनालिसिस आणि ग्रुप थिअरीकडे वळतात, संख्याशास्त्रवाले एस्टिमेशन, टेस्टिंग आणि रिग्रेशनकडे. म्हणून चाचपणी करायची तर शेवटच्या वर्षाची प्रश्नपत्रिका मिळवा, पहिल्या वर्षाची नको.

नोकरीच्या बाबतीत संख्याशास्त्र सरळ आहे, हे मान्य. शिकलेलं लगेच वापरता येतं आणि समोरच्याला ते समजावून सांगावं लागत नाही. मला खटकलं ते वेगळंच: यात ‘का’ फार उशिरा येतं.

व्हेरिअन्सचंच घ्या, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप. 4, 7, 10 यांची सरासरी 7. फरक −3, 0, 3. वर्गांची बेरीज 18. आता भागायचं कितीने? 3 ने भागलं तर 6, 2 ने भागलं तर 9. नमुना असेल तर n−1 ने भागा (n म्हणजे आकडे किती ते), एवढं सुरुवातीला सांगतात आणि प्रॅक्टिकलचं जर्नल पुढे सरकतं. खरं तर फरकांची बेरीज नेहमी शून्य असते, त्यामुळे दोन कळले की तिसरा आपोआप ठरतो, मोकळे दोनच. पण n ने भागल्यास उत्तर सरासरीने कमी का पडतं, याची सिद्धता अनबायस्ड एस्टिमेटरपर्यंत (सरासरीने खऱ्या किमतीवरच येणाऱ्या अंदाजापर्यंत) पोचल्यावर मिळते. ‘नमुना 30 च्या वर असेल तर सरासरीचं डिस्ट्रिब्युशन नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकाराचं, धरा’ हेही तसंच. कॉशी डिस्ट्रिब्युशनमध्ये (यात टोकाच्या किमती इतक्या येतात की सरासरी ठरतच नाही) हजार निरीक्षणांची सरासरीसुद्धा एका निरीक्षणाइतकीच बेभरवशाची असते, हे तेव्हा कोणी बोलत नाही. असं उधारीवर शिकणं काहींना चालतं. मला चाललं नाही, म्हणून गणित.

गणिताचा जाच निराळा. इथे उधारी नाही, पण एपसिलॉन-डेल्टा (लिमिटची काटेकोर व्याख्या) निसटलं की कंटिन्युइटी, युनिफॉर्म कन्व्हर्जन्स, रीमान इंटिग्रल ही सगळी रांग कोसळते. पाठ करून पास होणारे असतात, नाही असं नाही. पुढच्या पेपरला अडकतात.

दोन्हींची चव घ्यायला एकेक संध्याकाळ पुरे. [0,1] सारख्या बंद अंतरालावरचं (दोन्ही टोकं धरून) कंटिन्युअस फलन सीमित राहतं, पण (0,1) वर 1/x राहत नाही. सिद्धतेतली नेमकी कोणती पायरी तिथे मोडते ते पुस्तक न उघडता शोधा. दुसऱ्या दिवशी एखाद्या सर्वेक्षणाचा कच्चा डेटा उघडा. वयाच्या रकान्यात 999 दिसू शकतं. तो बहुधा उत्तर न देणाऱ्यांचा कोड असतो. 200 ओळींत असे पाच राहिले आणि बाकीच्यांची सरासरी 30 असली, तर एकूण सरासरी थेट 54 वर जाते. हे निस्तरण्यात तुमचा वेळ मजेत गेला, तर माझं सगळं बाजूला ठेवा आणि संख्याशास्त्र घ्या.

निर्णय होतच नसेल तर गणित मेजर ठेवून प्रोबॅबिलिटी आणि इन्फरन्सचे पेपर जोडीला घ्या. या वाटेने पदव्युत्तर संख्याशास्त्राकडे वळणं सहसा जमतं. उलट दिशेने ॲनालिसिस आणि अल्जिब्राचा अनुशेष एकट्याने भरावा लागतो. तरी प्रवेशाच्या अटी आधी वाचा. काही ठिकाणी संख्याशास्त्राचे ठरावीक क्रेडिट मागतात.