टाकाऊ मालाच्या बॅगांसाठी घेतलेली वॉकिंग फुट मशीन: पावसाळा, दिवाळी आणि लग्नसराईनंतरचा अनुभव

जुने फ्लेक्स, ट्रकच्या ट्यूब, जीन्स, कांद्याचं बारदान आणि साड्यांचे काठ यांच्या बॅगा शिवायच्या असतील, तर मशीन घेताना वेग विचारू नका, खेच बघा, म्हणजे ती माल पुढे कशी ओढते ते बघा. एक पावसाळा, एक दिवाळी आणि आता लग्नसराई या मशीनवर काढल्यावर माझं हे मत पक्कं झालं आहे. असाच उद्योग सुरू करायचं मनात असलेल्या बऱ्याच जणी प्रदर्शनात भेटतात आणि पहिला प्रश्न मशीनचाच विचारतात. त्यांना पाच मिनिटांत सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

नाशिकला इंदिरानगरात तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत मी आणि माझी जाऊ हे काम करतो. बॅगा माझ्याकडे, दागिने तिच्याकडे. शिलाईला शेजारच्या दोघी येतात. सुरुवात घरच्या काळ्या उषा मशीनवर झाली, नंतर काही काळ भाड्याच्या जुकीवर, म्हणजे कपड्यांच्या कारखान्यातल्या शिलाई मशीनवर, काम केलं. जुकी गारमेंटसाठी उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तिच्यात कापड ओढतात ते फक्त खालचे दाते. नव्या, एकसारख्या कापडाच्या ताग्यावर तेवढं पुरतं. आमच्याकडे मात्र एका बॅगेत एका बाजूला गुळगुळीत फ्लेक्स, दुसऱ्या बाजूला चिकट रबर, मध्ये फोम आणि खाली सुती अस्तर असतं. खालचा थर पुढे जातो, वरचा मागे राहतो आणि शिलाईच्या शेवटी बोटभर फरक पडतो.

आम्ही घेतली ती कंपाउंड फीडची मशीन. बाजारात तिला वॉकिंग फुट म्हणतात, काही दुकानदार सोफा-रेक्झिनची मशीन म्हणतात. हिच्यात सुई कापडात रुतलेली असतानाच पुढे सरकते, तिच्यासोबत आतला फुट, म्हणजे कापड वरून दाबणारा पाय, सरकतो आणि खालचे दातेही. तीन बाजूंनी धरून नेल्यामुळे थर एकमेकांवरून घसरत नाहीत. जीन्सच्या दोन जाड शिवणी एकमेकींवर येतात तिथे आठ-आठ पदर जमतात. त्यावरूनही टाक्याची लांबी बदलत नाही. आमच्या धंद्यात याचा अर्थ फार मोठा आहे. नव्या मालाची बॅग बिघडली तर ताग्यातून दुसरा तुकडा कापता येतो. गिऱ्हाइकाने आजीच्या साडीचा काठ दिलेला असतो, तेव्हा दुसरा तुकडा कुठून आणणार?

फ्लेक्सबद्दल आधी सांगते, कारण आमचा सर्वात जास्त माल तोच. १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक आणि पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे. जाड फ्लेक्स मात्र अजून लावले जातात आणि उतरवलेही जातात. फ्लेक्स म्हणजे पॉलिस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर. उन्हात राहिला की तो थर कडक होतो. म्हणून फ्लेक्स आला की आधी एक कोपरा दुमडून नखाने दाबायचा. पांढरी रेघ उमटली किंवा तडा गेला तर तो माल बॅगेला नाही. चांगला निघाला तर साबणाच्या पाण्याने धुवायचा आणि सावलीत वाळवायचा. थिनर लावू नका, छपाई हाताला लागते. पुढाऱ्यांचे चेहरे आम्ही आतल्या बाजूला घेतो. बाहेर येतात ते आकाशाचे निळे आणि झेंड्यांचे केशरी पट्टे. देवादिकांची चित्रं मात्र कापत नाही. ते तुकडे वेगळे ठेवतो. पंचवटीत राहणाऱ्या कुणाला याचं कारण सांगावं लागणार नाही.

या मालावर पडलेलं सुईचं भोक बुजत नाही. टाचण्या लावायच्या नाहीत, कागदाचे चिमटे लावायचे. टाका बारीक ठेवला तर पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग तयार होते आणि ओझं पडलं की तिथूनच फाटतं. आम्ही ४ ते ५ मिलिमीटरचा टाका घेतो. लांब टाका हवा तेव्हा ही मशीन तो सरळ आणि सारखा देते, हा तिचा दुसरा मोठा गुण. फ्लेक्सच्या कडा भाजून बंद करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो घशाला आणि डोळ्यांना वाईट. कडा दुमडा किंवा निवारीची पट्टी लावा. आणि फ्लेक्सचे डब्याचे झोळे विकू नका, छापील पीव्हीसी अन्नाजवळ नको.

ट्यूबमध्ये मशीनची खरी परीक्षा झाली. नाशिकच्याच द्वारका चौक आणि आडगाव नाक्याकडच्या पंक्चरवाल्यांकडून जुन्या ट्यूब मिळतात. ट्यूबलेस टायर वाढल्यापासून मोटारींच्या कमी झाल्या, ट्रक-ट्रॅक्टरच्या मिळतात. ब्यूटाइल रबर चिवट असतं, पाणी आत येऊ देत नाही, बॅगेच्या तळाला याच्यासारखं काही नाही. पण आतून शंखजिऱ्याची पूड आणि बाहेरून रस्त्याची काजळी असते. दोन-तीनदा धुतल्याशिवाय मशीनवर घेऊ नका. साध्या फुटाला रबर चिकटून बसतं. इथे फुट उचलून पाऊल टाकतो, त्यामुळे चिकटणं जवळजवळ थांबलं. तरी उन्हाळ्यात दुपारी रबर मऊ झालं की आम्ही वर बटर पेपरची पट्टी ठेवतो आणि शिवून झाल्यावर ओढून काढतो.

आता दोष. पहिला आणि ठळक, दात्यांचे वळ. आतल्या फुटाला आणि खालच्या पट्टीला दाते आहेत, मऊ मालावर त्यांचे ठसे उमटतात. बारदानावर दिसत नाहीत, जीन्सवर एका धुण्यात जातात, पण फ्लेक्सवर आणि ट्यूबवर कायमचे राहतात. बिनदात्याचा गुळगुळीत फुट वेगळा मिळतो, तो मशीनसोबतच मागून घ्या. खालची बाजू मात्र नेहमी आतली ठेवावी लागते, त्यामुळे शिवायचा क्रम आधीच ठरवावा लागतो.

दुसरा दोष, पातळ कामाला ही मशीन नाही. एकेरी रेशमाला ती चुण्या पाडते. येवल्याहून किंवा घरोघरच्या कपाटांतून आलेले पैठणीचे काठ आम्ही आधी काळ्या उषावर कॅनव्हासला टाचून घेतो आणि मगच मोठ्या मशीनवर नेतो. जुन्या पैठणीची जर घडीवर तुटलेली असते, तो भाग कापून टाकायचा, वाचवायचा मोह धरायचा नाही. अस्तर आणि आतले खिसेही उषावरच होतात. म्हणून जुनी मशीन विकून ही घेऊ नका. दोन्ही लागतात.

तिसरी गोष्ट दोष म्हणायची की सपाट मशीनचा स्वभाव, ते तुम्ही ठरवा. उभ्या बॅगेचा गोल तळ हिच्यावर शिवताना सगळी बॅग उलटी करून मुरडावी लागते. ट्यूबचा तळ असेल तर दोघींनी धरावं लागतं. त्यासाठी नळीसारखा हात पुढे आलेली सिलिंडर बेड मशीन असते. आम्ही तूर्त डिझाइन बदललं, तळ चौकोनी केले.

मोटर सर्व्होच घ्या. जुन्या क्लच मोटरी बटण दाबल्यापासून अखंड फिरत राहतात, आवाज आणि वीज दोन्ही खातात. सर्व्हो पाय दाबला तरच फिरते. शिवाय कमाल वेग बसवून ठेवता येतो. मशीन बसवायला आलेल्या मिस्त्रीकाकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, हिला पळवू नका, चालवा. ही चालायलाच बनवलीये." आम्ही वेग अगदी खाली ठेवला आहे. नव्याने शिकणाऱ्या ताईंची भीती त्यामुळे लवकर गेली. आवाजाची शेजारून तक्रार नाही. वीज मात्र सांभाळावी लागते. पावसाळ्यात विजेचा दाब वरखाली झाला की कंट्रोल बॉक्स एरर दाखवून बंद पडायचा. अर्थिंग नीट करून घेतलं, स्टॅबिलायझर लावला, मग थांबलं. हा खर्च मशीनच्या किमतीतच धरा. एकूण रक्कम साध्या जुकीच्या दुपटीपेक्षा जास्त जाते.

बारदान शिवताना तागाची भुकटी सुईखालच्या पट्टीत आणि शटलमध्ये (खालच्या दोऱ्याच्या बॉबिनच्या जागी) साठते. रोज काम संपल्यावर पट्टी काढून ब्रश फिरवायचा आणि पांढऱ्या तेलाचे थेंब टाकायचे. आमच्या मशीनला तेल हाताने घालावं लागतं. लासलगाव-पिंपळगावकडून आलेल्या बारदानात कांद्याची साल आणि मातीही असते, म्हणून ते आधी अंगणात झटकून, धुऊन, कडक उन्हात वाळवूनच घरात येतं. दोरा अडकून मशीन गच्च झाली तर शटल वाचवणारा सेफ्टी क्लच सुटतो. तो परत बसवायला मिस्त्री बोलवायची गरज नाही. बटण दाबून चाक हाताने फिरवलं की बसतो. विक्रेत्याने हे सांगितलं नव्हतं, पुस्तिकेत चित्रासकट आहे.

सुट्या भागांबाबत नाशिककरांनी एक लक्षात ठेवावं. साध्या जुकीच्या डीबी×१ सुया कुठेही मिळतात, या मशीनला डीपी×१७ लागतात आणि त्या दर दुकानात नसतात. मेन रोड-शालिमारकडे मिळाल्या की आम्ही पाकिटंच घेऊन ठेवतो. फ्लेक्सच्या दोन पदरांना १८ नंबर, ट्यूब आणि जीन्सच्या गाठीला २१. टोक गोल हवं. चामड्याचं कापणारं टोक फ्लेक्समधली पॉलिस्टरची जाळी तोडतं. दोरा २१० डेनिअर (हे दोऱ्याच्या जाडीचं माप) तीन पदरी पॉलिस्टरचा. नायलॉन ताकदीला चांगला, पण उन्हात पॉलिस्टर जास्त टिकतं आणि आपल्याकडे बॅग दिवसभर गाडीच्या हँडलला लटकलेली असते.

जाऊबाईंच्या दागिन्यांना या मशीनचा थेट उपयोग नाही, पण धंदा एकच असल्यामुळे तेही लिहिते. बॅगेतून उरलेल्या ट्यूबच्या आणि जीन्सच्या चिंध्या पंचने कापून कानातल्यांत जातात. धातू येतो दोन ठिकाणांहून. सातपूर-अंबडच्या मोटर वाइंडिंगवाल्यांकडून तांब्याची तार आणि भांडी बाजारातून मोडीतले तांब्या-पितळेचे पत्रे. वाइंडिंगच्या तारेवर इनॅमलचा पातळ लेप असतो, तो पॉलिशपेपरने घासून काढायचा, जाळायचा नाही. आकाराला १८ गेजची जाड तार, गुंफायला २४ गेजची बारीक. तांबं काळसर हवं असेल तर बंद डब्यात उकडलेलं अंडं कुस्करून ठेवतात, अंड्यातल्या गंधकाने रंग चढतो. उजळ हवं असेल तर चिंच-मीठ आहेच. कानात जाणारी तार मात्र तांब्याची नको, चांदीची किंवा ३१६एल स्टीलची हवी. सध्या कॉम्प्युटरच्या जुन्या सर्किट बोर्डांची कानातली फार दिसतात. दिसायला सुंदर असतात, पण जुन्या बोर्डांच्या डागात, म्हणजे सोल्डरिंगमध्ये, शिसं असतं, म्हणून आम्ही ती करत नाही. कॉलेजच्या मुली मागतात, त्यांना समजावून सांगतो.

डोंगरे वसतिगृह मैदानावरच्या प्रदर्शनात हमखास ऐकू येतं, "जुन्या मालाची आहे ना, मग एवढी किंमत कशी?" माल स्वस्त असतो हे खरंच आहे. धुणं, वाळवणं, तपासणं, जुळवणं यात शिलाईपेक्षा जास्त वेळ जातो. आता आम्ही प्रत्येक बॅगेला कागदी चिठ्ठी लावतो. त्यावर तळ कशाचा, अंग कशाचं, अस्तर कशाचं आणि कोणी शिवली, हे हाताने लिहितो. शिवणाऱ्या ताईचं नाव वाचल्यावर घासाघीस कमी होते. त्या ताईंनाही ते आवडतं. एकीने आपल्या नावाची चिठ्ठी घरी देवघराशेजारी लावली आहे. मला या सगळ्या उद्योगात हीच गोष्ट सर्वात मोलाची वाटते.

घ्यावी का? महिन्याला मोजक्याच बॅगा होत असतील आणि त्याही कापडाच्या, तर नको, घरची मशीन आणि चांगली सुई पुरेल. रबर, फ्लेक्स, बारदान असं मिसळून काम असेल तर कर्ज काढूनही घ्या. बँकेने आमच्याकडे उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, मागितली. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. दुकानात जाताना आपला सर्वात त्रासदायक माल पिशवीत घालून न्या आणि त्यांच्यासमोर त्याच्यावरच शिवून बघा. दुकानदार रेक्झिनचा नवा कोरा तुकडा पुढे करतो. त्याच्यावर कुठलीही मशीन छान शिवते.