नॉर्मन की हंट्सविल? टोर्नेडोचा विचार करून गाव निवडताना

माझ्या भाच्याला अमेरिकेत एकदमच दोन नोकऱ्या चालून आल्या. एक ओक्लाहोमातल्या नॉर्मनला, दुसरी अलाबामातल्या हंट्सविलला. पगार जवळपास सारखे. पदरात ३ वर्षांची मुलगी. फोनवर पहिलाच प्रश्न आला, "मामा, टोर्नेडो दोन्हीकडे येतात म्हणे. त्यातल्या त्यात कमी कुठे?" मी बरीच वर्षं ओक्लाहोमात काढली, म्हणून त्याने मला विचारलं. मी त्याला म्हटलं, किती येतात हे नंतर बघू. आधी हे बघ की ते कुठल्या वेळी येतात आणि येताना दिसतात का.

टोर्नेडो म्हणजे आपल्याकडची वावटळ नव्हे. वावटळ तापलेल्या जमिनीवरून उठते, तिला ढग लागत नाही. टोर्नेडो गडगडाटी ढगाच्या पोटातून जमिनीपर्यंत पोचलेला हवेचा भोवरा असतो. तो समजायला वळवाचा पाऊस आठवावा. मे महिन्यातली दुपार, अंगाला चिकटणारा उकाडा, आणि चारच्या सुमाराला पश्चिमेला काळा डोंगर उभा राहतो. खाली दमट गरम हवा, वर थंड हवा आणि खालच्या हवेला उचलणारं काहीतरी, हे तिन्ही आपल्याकडेही जमतं. ओक्लाहोमात चौथी गोष्ट येऊन मिळते. जमिनीलगत आग्नेयेकडून वारा असतो, आणि ५-६ किलोमीटर वर तोच पश्चिमेकडून कितीतरी जोरात वाहतो. वरचा थर पुढे सरकतो, खालचा मागे राहतो, आणि मधली हवा पोळपाटावरच्या लाटण्यासारखी आडवी फिरायला लागते. ढगात वर चढणारा झोत हे लाटणं उचलून उभं करतो. मग सगळा ढगच फिरू लागतो. त्याला सुपरसेल म्हणतात.

फिरणाऱ्या ढगांपैकी बहुतेक टोर्नेडो न देताच विरून जातात. ज्यांत तो होतो, त्यांत पावसाबरोबर खाली आलेली हवा ढगाच्या मागच्या बाजूने वळसा घेते, जमिनीजवळची फिरकी आवळली जाते आणि वरचा झोत तिला ताणतो. गिरकी घेताना पसरलेले हात अंगाशी घेतले की वेग कसा वाढतो, तसंच.

आता दोन गावं. नॉर्मनच्या पश्चिमेला टेक्सासची कोरडी पठारं, दक्षिणेला मेक्सिकोचं आखात. कोरडी आणि दमट हवा जिथे भिडते ती रेषा वसंतात दुपारी पूर्वेकडे सरकते. नैऋत्येकडच्या उंच पठारांवरून आलेल्या कोरड्या उष्ण हवेचा थर दमट हवेवर झाकणासारखा बसलेला असतो. सकाळभर काहीच होत नाही, आतली वाफ कोंडत राहते. तिसऱ्या प्रहरी झाकण उडतं आणि सुटे सुटे ढग तासाभरात आभाळाला भिडतात. भर एप्रिल ते जून, त्यातही मे. सपाट माळ असल्याने ढग फार लांबून दिसतो.

२० मे २०१३ला नॉर्मनच्या शेजारच्या मूरला हेच झालं. इशारा २ वाजून ४० मिनिटांनी निघाला, भोवरा २ वाजून ५६ मिनिटांनी जमिनीला टेकला. मधली १६ मिनिटं फार मोलाची होती. तरी २४ माणसं गेली, त्यांत एका प्राथमिक शाळेतली ७ मुलं. तो सर्वांत वरच्या श्रेणीचा, ईएफ-५ होता. त्यामुळे ताकदीच्या बाबतीत नॉर्मनला सौम्य म्हणणं खोटं ठरेल.

हंट्सविलचं गणित वेगळं. आखात जवळ, त्यामुळे थंडीतही दमट हवा पोचते, आणि थंडीतच वरचे वारे सर्वांत जोरात असतात. ऊन तापायची वाट बघावी लागत नाही. मार्च ते मे हा एक हंगाम, नोव्हेंबरच्या आसपास दुसरा. हंट्सविलमध्ये २१ जणांचा बळी घेणारा टोर्नेडो १५ नोव्हेंबर १९८९चा, संध्याकाळी लोक गाड्यांतून घरी निघालेले असतानाचा. इथे ढग अनेकदा एका लांब रांगेत येतात आणि रांगेतल्या रांगेत भोवरे झटकन तयार होऊन विरतात. रडारवर दिसेपर्यंत हातात थोडीच मिनिटं उरतात. त्यात टेकड्या, पाइनची झाडी, खाली उतरलेले ढग आणि पावसात झाकलेला भोवरा. दक्षिणेच्या या पट्ट्यात रात्री येणाऱ्यांचं प्रमाण जास्त आहे, आणि झोपेत गाठणारा टोर्नेडो जास्त जीव घेतो.

२७ एप्रिल २०११चा दिवस तर मी त्याला मुद्दाम सविस्तर सांगितला. पहाटे-सकाळी वादळांची एक रांग गेली आणि उत्तर अलाबामात ठिकठिकाणी वीज गेली. दुपारी खरे सुपरसेल आले, तेव्हा कित्येक घरांत टीव्ही बंद पडलेले होते. हॅकलबर्ग गावाला झोडपणारा ईएफ-५ टोर्नेडो २०० किलोमीटरहून जास्त जमिनीवर राहिला, ७२ जीव घेतले आणि हंट्सविलच्या वायव्येकडून पुढे गेला. विजेच्या मुख्य वाहिन्या तुटल्याने शहर कित्येक दिवस अंधारात होतं.

म्हणून माझा कौल नॉर्मनला. तिथलं सगळं गाव या एका गोष्टीसाठी सराईत आहे. वादळांचा राष्ट्रीय अंदाज देणारं केंद्रच तिथे आहे, दर शनिवारी दुपारी भोंग्यांची चाचणी होते. तळघरं मात्र कमी, कारण जमीन चिकणमातीची. आमच्या गॅरेजच्या जमिनीत पोलादी पेटी गाडलेली होती. सरकतं झाकण, खाली सहा पायऱ्या, गाडीच्या तेलाचा वास. आत पाण्याच्या बाटल्या, जुने बूट आणि सायकलची हेल्मेटं. डोक्याला मार बसू नये म्हणून ती आधी घालायची. गाडी काढून पळायचं मात्र नाही. ३१ मे २०१३ला ओक्लाहोमातल्याच एल रेनो गावाजवळ ४ किलोमीटरहून रुंद टोर्नेडो आला, तेव्हा पळणाऱ्यांनी रस्ते तुंबले होते.

भाच्याची बायको इंजिनिअर आहे आणि तिला काम हंट्सविललाच मिळेल, हेही मला कळतं. तिथे जायचंच तर माझ्या दोन अटी. फिरतं घर, म्हणजे मोबाइल होम, कितीही स्वस्त मिळालं तरी घ्यायचं नाही. आणि उशाशी बॅटरीवर चालणारा हवामान रेडिओ, रात्री २ वाजताही किंचाळून उठवणारा. नुसत्या फोनवर भिस्त नको.

काल त्याने हंट्सविलच्या एका घराचे फोटो पाठवले. जिन्याखाली छोटी खोली आहे, खिडकी नाही. मी विचारलंय, तिची एखादी भिंत बाहेरच्या बाजूला येते का, ते बघून सांग.