बोललेलं लिहून दाखवणारं अ‍ॅप: मराठी पॉडकास्टसाठी वापरल्यानंतर

माझ्या दोन्ही कानांना मशीन आहे. उंच पट्टीचे आवाज येत नाहीत, त्यामुळे स, श, त, फ गळतात आणि स्वर तेवढे उरतात. समोर माणूस असला की ओठांवरून निभावतं. पॉडकास्टमध्ये ती सोय नाही, म्हणून गेल्या पावसाळ्यात हे मोफत अ‍ॅप घेतलं. फोनच्या माइकला ऐकू येणारं बोलणं ते लगेच स्क्रीनवर लिहून दाखवतं.

कपाटातला जुना फोन पॉडकास्ट वाजवतो, नवा शेजारी ठेवला की लिहितो. खर्च शून्य. पंखा बंद करावा लागतो, आणि बोलण्याखाली संगीत सुरू असलं की मजकूर पार विस्कटतो. निर्मात्यांनो, ते संगीत निदान मुलाखतीखालून काढा.

सुरुवातीला मी दोन स्टार दिले होते. गावांची नावं चुकत होती, ‘वाळवण’चं ‘वाढवण’ होत होतं. आता त्याचं फारसं काही वाटत नाही. चुकलेला शब्द कानावर आलेल्या अर्ध्यामुर्ध्या आवाजाशी ताडून पाहिला की बहुतेक वेळा लागतो. सलग तासभर मराठी गप्पा समजणं मला कित्येक वर्षांत जमलं नव्हतं, ते जमू लागलं. त्यासाठी चार स्टार.

पण कोण बोलतंय ते अ‍ॅप दाखवत नाही, आणि त्यापायी पाचवा स्टार कापतोय. एका शेतकऱ्याच्या मुलाखतीत मला दिसलं: ‘तुम्ही कर्ज घेतलंत नाही घेतलं का’. एकच प्रश्न वाटला. प्रत्यक्षात निवेदकाने विचारलं, ‘तुम्ही कर्ज घेतलंत?’ पाहुणा म्हणाला, ‘नाही घेतलं.’ निवेदक म्हणाला, ‘का?’ तीन वाक्यं, दोन माणसं, आणि उत्तरच नाहीसं. पुढची दहा मिनिटं मी कर्जबाजारी माणसाची गोष्ट समजून वाचत होतो. शब्द चुकला तर अंदाज बांधता येतो, माणूस चुकला तर अख्खी मुलाखत उलटी होते. नाव नको, नुसती नवी ओळ द्या!

त्या पॉडकास्टच्या मंडळींना हे कळवलं. आठवडाभरात त्यांनी एपिसोडखाली नावांसकट पूर्ण मजकूर टाकला. तो समोर ठेवून मुलाखत पुन्हा ऐकली, तेव्हा पाहुणा कुठे हसतो तेही कळलं. फार आनंद झाला.

हे इतरांनाही करता येईल. आरएसएस फीडमध्ये, म्हणजे पॉडकास्टचे एपिसोड ऐकण्याच्या अ‍ॅप्सपर्यंत पोहोचवणाऱ्या यादीत, मजकुराची फाइल जोडता येते, आणि व्हीटीटी या वेळेसकट मजकूर लिहायच्या फाइल प्रकारात बोलणाऱ्याचं नाव नोंदवायची सोयच आहे. अ‍ॅपलने मार्च २०२४ मध्ये पॉडकास्टचा मजकूर आपोआप द्यायला सुरुवात केली तेव्हा भाषा चारच होत्या: इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश. मराठीसाठी कंपन्यांची वाट बघत बसण्यापेक्षा निर्मात्यांनीच हात घातलेला बरा. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम ४२ ने श्राव्य माध्यमांतला आशय सुगम असेल हे पाहण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे, तेव्हा सरकारी पॉडकास्टकडे तर हे हक्काने मागावं.

अ‍ॅप आता पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीची जाहिरात दाखवतंय. तिच्यातही बोलणारे वेगळे होत नाहीत, म्हणून घेतलेली नाही. ते पैसे मी त्या पॉडकास्टला पाठवले.