नौपाड्यातील रक्ततपासणी केंद्र : तपासणी चोख, संमतीपत्र अपुरे

येथे आईची तपासणी केली. रक्त घेणाऱ्या ताईंचा हात हलका आहे, नळीवरचे नाव त्यांनी आईला दाखवून खात्री करून घेतली आणि अहवालही वेळेत आला. मात्र नोंदणी अर्जाच्या मागे, बारीक अक्षरांत, उरलेला नमुना संशोधनासाठी वापरला जाऊ शकतो असे छापले आहे आणि नकार नोंदवायला जागाच ठेवलेली नाही. उपाशीपोटी रांगेत बसलेले ज्येष्ठ नागरिक न वाचताच सही करतात, हे मला गंभीर वाटते. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या पेशी तिला न विचारता संशोधनासाठी घेतल्या गेल्या. त्या पेशींवर कंपन्यांनी नफा कमावला, आणि थर्मो फिशर कंपनीशी वारसांची तडजोड व्हायला २०२३ साल उजाडले. आपल्याकडे आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे संशोधनासाठी ऐच्छिक, माहितीपूर्ण संमती मागतात आणि व्यावसायिक लाभातील वाट्याचाही विचार करतात. या अर्जात त्यातले काहीच नाही. तपासणीसाठी जरूर जा, पण अर्ज उलटून वाचा आणि नको असल्यास ‘संशोधनास संमती नाही’ असे स्वहस्ते लिहा. आम्ही तसे लिहिले आणि काउंटरवर ते स्वीकारले गेले.