पडीक रानासाठी घेतलेली दोन जिवाणू खते: एक उपयोगी, एक निरुपयोगी

सासवडजवळच्या आमच्या दोन एकर रानात बारा वर्षे नांगर फिरला नव्हता. कुसळी आणि घाणेरी यांनी ते पूर्ण व्यापले होते. गेल्या वर्षी ते पुन्हा वहितीखाली आणायचे ठरल्यावर पुण्यातील एका कृषी सेवा केंद्रातून मी हरभऱ्याच्या रायझोबियमची (मुळांवर गाठी करून हवेतले नत्र पिकाला मिळवून देणाऱ्या जिवाणूंची) अडीचशे ग्रॅमची सहा पाकिटे आणि ‘पडीक जमीन जिवंत करणारे’ म्हणून विकले जाणारे एक लिटर द्रवरूप मिश्रण घेतले.

बाटलीविषयी आधी सांगतो, कारण पैसे तिलाच अधिक पडले. लेबलवर अनेक जिवाणूंची नावे होती, परंतु जिवंत पेशींची संख्या एकाचीही दिलेली नव्हती. नांगरटीनंतर पूर्वेकडच्या एकरात अर्धी बाटली पाण्यातून दिली, पश्चिमेकडचा एकर तसाच ठेवला आणि दोन्हीकडे हिरवळीच्या खतासाठी ताग पेरला. तागाच्या वाढीत काहीही फरक दिसला नाही. बांधालगत हौसेने पेरलेल्या बाजरीच्या चार काकऱ्या तर तिसऱ्या आठवड्यात दोन्ही एकरांत सारख्याच पिवळ्या पडल्या. वाळलेल्या गवताच्या धसकटांत कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण 80:1 असते, तर जिवाणूंच्या शरीरात ते 8:1 च्या आसपास असते. त्यामुळे धसकटे कुजवताना जिवाणू कमी पडणारे नत्र मातीतूनच उचलतात आणि पीक उपाशी राहते. अशा वेळी बाटलीतून आपण रानात आणखी खाणारी तोंडेच सोडत असतो. शिवाय गवताने झाकलेले रान मृत नसतेच. कुसळीच्या मुळांवर मायकोरायझा ही मुळांना अन्न पुरवणारी उपयोगी बुरशी वर्षानुवर्षे टिकून असते.

पाकिटांचा अनुभव वेगळा आहे. हरभऱ्याला त्याचेच रायझोबियम लागते, तागाच्या गाठींतले चालत नाही, आणि या रानात हरभरा आमच्या आठवणीत कधी झालेला नव्हता. फुलोऱ्यावर आलेला ताग गाडून, ऑक्टोबरमध्ये दहा किलो बियाण्याला एक पाकीट या प्रमाणात गुळाच्या थंड पाण्यातून ते चोळले, सावलीत सुकवले आणि त्याच दिवशी पेरणी केली. चार ओळी मुद्दाम प्रक्रियेविना ठेवल्या. चाळिसाव्या दिवशी दोन्हीकडची पाच-पाच रोपे खुरप्याने मातीसकट उचलून बादलीत धुतली. प्रक्रिया केलेल्या रोपांच्या सोटमुळाला वरच्या बाजूस गाठींचे घोस होते, आणि नखाने फोडल्यावर आतून गुलाबी रंग दिसला, म्हणजे गाठी नत्र बांधत होत्या. उरलेल्या चार ओळींत हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच बारीक गाठी होत्या आणि त्याही आतून पांढुरक्या.

दुकानाविषयी मात्र तक्रार आहे. पाकिटे पत्र्याखालच्या फळीवर, ऐन उन्हाच्या झळेत ठेवलेली होती आणि मला दिलेल्यांपैकी दोन पाकिटांची मुदत संपून महिना झाला होता. विचारल्यावर, “साहेब, त्यात काय होतंय, मातीच तर आहे,” असे उत्तर मिळाले. ती माती नसून लिग्नाइट या तपकिरी कोळशाची भुकटी असते, आणि खत नियंत्रण आदेश 1985 नुसार तिच्या प्रत्येक ग्रॅममध्ये किमान 5 कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. या पेशी उन्हात तग धरत नाहीत. पाकिटे बदलून मिळाली, एवढे श्रेय दुकानदाराला द्यायला हवे.

रायझोबियम मी पुन्हा घेईन, परंतु तारीख पाहून आणि सावलीत ठेवणाऱ्याकडूनच. मिश्रणाचे पैसे यंदा शेणखताला दिले आहेत. उरलेली अर्धी बाटली गोठ्यात पडून आहे आणि ती आता फुगली आहे.