४३१००१ की ४१३५१२?

कुरिअरच्या पाकिटावर दोन पिनकोड होते. पाठवणारा छत्रपती संभाजीनगरचा, ४३१००१. घेणारा लातूरचा, ४१३५१२. एसटीला उशीर होता, मग यांतली सरस संख्या कोणती हे बघायला पाकिटाच्या पाठीवरच अवयव पाडायला बसलो.

४३१००१ च्या अंकांची बेरीज ९, आणि ९ ने मूळ संख्येला पूर्ण भाग जातो. देवळालीच्या शाळेतले गणितशिक्षक द. रा. कापरेकर अशा संख्येला 'हर्षद' म्हणत. लातूरच्या अंकांची बेरीज १६; भागून बघा, २५८४४ वर अर्धा उरतो. इथे लातूर नापास. (लातूर पॅटर्नवाल्यांनी रागावू नये.)

पण अवयवांत लातूर श्रीमंत. ४१३५१२ = ८ × ११ × ३७ × १२७, म्हणजे ३२ विभाजक. स्वतःला वगळून त्यांची बेरीज ४६२००८ भरते, मूळ संख्येपेक्षा जास्त, म्हणून ही 'विपुल' संख्या. संभाजीनगरचे ८१ × १७ × ३१३. विभाजक २०, बेरीज २५२८९१. चांगलीच तोकडी, म्हणजे 'न्यून'.

तरी माझं मत पहिल्यालाच. कारण ३१५ चा वर्ग ९९२२५, ५७६ चा ३३१७७६. बेरीज करा, थेट ४३१००१! शिवाय ३६० आणि ५४९ यांच्या वर्गांचीही तीच. लातूरला दोन वर्गांची बेरीज एकदाही जमत नाही: ११ ला ४ ने भागलं की ३ उरतात, आणि असा मूळ अवयव एकदाच आला की खेळ संपला.