रिफ्रेशर कोर्स की डिपार्टमेंटमधलंच मेंटॉरिंग?

आपल्याकडे प्राध्यापकांचं ट्रेनिंग म्हटलं की आधी रिफ्रेशर कोर्सच आठवतो, कारण युजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार कॅसमधल्या (करिअर अॅडव्हान्समेंट स्कीम, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीची योजना) प्रमोशनला तो किंवा तसा एखादा कोर्स लागतो. हे कोर्स घेणारी केंद्रं म्हणजे पूर्वीची अकॅडमिक स्टाफ कॉलेजेस, मग एचआरडीसी (ह्यूमन रिसोर्स डेव्हलपमेंट सेंटर) आणि 2023 पासून मालवीय मिशनची सेंटर्स, नावं बदलली पण गाडी सर्टिफिकेटवरच येऊन थांबते. तरी त्याचा एक फायदा मी मनापासून मानते, छोट्या गावातल्या कॉलेजच्या माणसाला दुसऱ्या युनिव्हर्सिटीतले लोक भेटतात, नवीन विषय कानावर पडतो. ऑनलाइन झाल्यापासून तेही कमी झालंय.

दुसरा रस्ता म्हणजे सीनियर मॅडमनी नव्या सरांच्या लेक्चरला मागच्या बाकावर बसायचं, नंतर चहा घेताना सांगायचं की तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकता, दहा सेकंद थांबा जरा. हे कुठल्याच कोर्समध्ये कळत नाही हो! अडचण एवढीच की या तासांना वर्कलोडमध्ये जागा नाही, आणि निम्मा स्टाफ सीएचबीवर (म्हणजे तासिका तत्त्वावर) असेल तर मेंटॉर आणायचा कुठून? माझं मत मेंटॉरिंगलाच, पण आधी ते टाइमटेबलमध्ये घाला, आणि सीएचबीवाल्यांनाही त्यात घ्या.